सभासदांचा पैसा, सभासदांची मुले

अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्था विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतात, हे ऐकून कोणास तो धर्मादाय वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. 1935 साली तिकडे शंभरांतल्या जेमतेम दहा-अकरा शेतघरांत वीज होती. विरळ वस्तीत तारा ओढण्यात नफा नाही, म्हणून खासगी कंपन्यांनी पाठ फिरवली होती. त्याच वर्षी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले. त्याच्या कर्जावर शेतकऱ्यांनी आपल्या संस्था उभ्या केल्या. सभासद लहान असो की मोठा, मत एकच. (युनियनवाल्यांस हे समजावून सांगावे लागत नाही!)

खर्च वजा जाता उरेल ते, ज्याने जितकी वीज वापरली त्या मानाने, त्याच्या नावे मांडायचे आणि काही वर्षांनी परत द्यायचे, असा नियम. पण तोवर कोणी गाव सोडतो, कोणी मरतो. रक्कम पडून राहते. काही राज्यांत कायद्याने ती सरकारजमा न होता शिष्यवृत्त्यांकडे वळवता येते. म्हणजे जुन्या सभासदांनी भरलेल्या बिलांतला उरलेला पैसा गावच्या पोराच्या फीस लागतो. खांबावर चढणाऱ्या लाइनमनचे काम शिकणाऱ्यांसही काही संस्था मदत करतात, हे आम्हांस विशेष वाटते. अर्ज भरणाऱ्या मुलास मात्र पैसा कोणाचा, हे कोणी सांगते काय? तो बहुधा व्यवस्थापकाचेच आभार मानत असेल.