सुईचा नंबर आणि दोऱ्याचा इतिहास



पर्युषण महिन्यावर आलं की घरोघरी कपाटं उघडतात. सामायिकाच्या सुती साड्या बाहेर निघतात, ब्लाऊज उसवून मोठे केले जातात, नव्या मुखवस्त्रिका शिवल्या जातात. मग दोन प्रश्न हमखास माझ्यापर्यंत येतात. पहिला, अमुक कापडाला कितव्या नंबरची सुई लावायची? दुसरा जरा दबक्या आवाजातला: आईची पैठणी आहे, तिला फॉल लावायचा आहे, रेशमाचा दोरा वापरला तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं, दुसऱ्याचं नाही. पण खोलात गेलं की दोन्ही उत्तरं एकाच गोष्टीत सापडतात. ती गोष्ट म्हणजे सुई आणि दोरा आपल्या घरापर्यंत कसे पोहोचले याचा इतिहास. म्हणून आज तोच सांगते.

आगमातली सुई

आपल्याकडे सुईचा उल्लेख मशीनच्या कितीतरी आधीचा आहे. आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात वस्त्रैषणा नावाचं एक पूर्ण अध्ययन साधू-साध्वींनी वस्त्र कसं घ्यावं यावर आहे. पुढे अवग्रहाच्या अध्ययनात चक्क सुईचा नियम येतो. गृहस्थाकडून सुई मागून आणली तर ती ज्याने मागितली त्यानेच वापरावी, दुसऱ्याला देऊ नये, आणि परत करताना हातातून हातात न देता पसरलेल्या तळव्यावर किंवा जमिनीवर ठेवून 'ही घ्या' असं सांगावं. आजही चातुर्मासात महासतीजी सुई मागून नेतात आणि सूर्यास्तापूर्वी परत करतात, हे आपण पाहतोच. एवढीशी वस्तू, पण तिचाही हिशेब ठेवायचा.

उत्तराध्ययन सूत्राच्या २९ व्या अध्ययनात तर सुई हा दृष्टांतच आहे. दोरा ओवलेली सुई खाली पडली तरी हरवत नाही, तसा ज्ञानाचं सूत्र असलेला जीव संसारात हरवत नाही, असा त्याचा भाव आहे. 'सूत्र' म्हणजे दोरा आणि 'सूत्र' म्हणजे शास्त्रही. ज्यांनी कधी सुई पलंगाखाली घालवली आहे त्यांना हा दृष्टांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

नेढं टोकाकडे आलं

हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं. सुई कापडातून आरपार जाते आणि दोरा मागून ओढला जातो. हजारो वर्षं शिवण अशीच चालली. मशीन करू पाहणारे लोकही सुरुवातीला हाताच्या हालचालीचीच नक्कल करायच्या मागे लागले आणि अडले.

फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये साखळी टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं. त्याच्या कारखान्यात सैन्याचे कपडे शिवले जाऊ लागले, तेव्हा पॅरिसच्या शिंप्यांनी पोट जाईल या भीतीने त्याची मशीनं फोडली. पुढे अमेरिकेत इलायस हाउ यांनी १८४६ मध्ये पेटंट घेतलं. त्यांच्या मशीनमध्ये नेढं सुईच्या टोकाजवळ होतं आणि खाली दुसरा दोरा होता. सुई पूर्ण आरपार जायची गरजच उरली नाही. ती खाली जाते, वर उचलताना दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि त्या फासातून खालचा दोरा जातो. आपण बॉबिन भरतो ती याचसाठी. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांनी उभी सरळ चालणारी सुई असलेलं मशीन आणलं आणि ते पायाने चालवता येऊ लागलं.

हा भाग मुद्दाम सांगितला, कारण टाके सुटण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. मशीनच्या सुईला एका बाजूला लांब खाच असते. खाली जाताना दोरा त्या खाचेत लपतो. दोरा खाचेपेक्षा जाड असेल तर तो कापडावर घासून तुटतो. सुई फार जाड आणि दोरा बारीक असेल तर फास नीट बनत नाही आणि टाका सुटतो. म्हणून सुई आणि दोरा वेगवेगळे निवडायचे नसतात, त्यांची जोडी लावायची असते. सुई बसवताना जिकडून दोरा ओवायचा तिकडे खाच आली पाहिजे. चपटी बाजू तिच्या विरुद्ध येते.

मुंबईहून बेलापूर रोडला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरची मशीनं हिंदुस्थानात जोमाने विकली जाऊ लागली. त्यामागे नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांचा मोठा हात होता. हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधला सिंगरचा कारभार त्यांनी अनेक वर्षं सांभाळला. मशीन हप्त्यांवर मिळू लागलं, तेव्हा गावोगावचे शिंपी ते घेऊ शकले. घरातल्या बायकांच्या हाती मशीन यायला आणखी वेळ लागला. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथे शिवणकाम शिकवलं जाई आणि विधवा व परित्यक्ता बायकांना स्वतःच्या कमाईचा मार्ग मिळे.

महात्मा गांधी यंत्रांच्या विरोधात म्हणून ओळखले जातात, पण १९२४ मधल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. बायकोला हाताने शिवताना होणारे कष्ट पाहून सिंगरने ते केलं, अशी त्यांची समजूत होती. माणसाचे कष्ट कमी करणारं यंत्र त्यांना मान्य होतं.

आपलं श्रीरामपूर तर रेल्वेचंच अपत्य. धोंड-मनमाड लाईन १८७८ मध्ये सुरू झाली, आणि बेलापूर गावापासून दूर असलेल्या स्टेशनाभोवती जी वस्ती वाढली ती 'बेलापूर रोड'. स्टेशनवर आजही बेलापूरच लिहिलेलं आहे. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस वाढला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स. साखर-गुळाच्या बाजारासोबत मारवाडी आणि गुजराती घरं इथे स्थिरावली. दुकानात पोत्याचं तोंड दाभण आणि सुतळीने शिवायचं, घरात मलमलीची ओढणी बारीक सुईने. कापड बदललं की सुई बदलते, हे त्या बायकांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

याच लाईनवर येवला आहे, पैठणीचं गाव. नगरमध्ये पद्मशाली विणकरांचे माग होते आणि नगरी लुगडी दूरवर जात. म्हणजे सुती आणि रेशमी, दोन्ही कापडं आपल्या दारातलीच.

स्वदेशी मशीनसाठी मात्र विसाव्या शतकाची तिशी उजाडावी लागली. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' आणली आणि १९३८ मध्ये लाला श्रीराम यांनी ती कंपनी हाती घेतली. पुढे लुधियानाचे कारखाने आले. काळं, सोनेरी नक्षीचं पायमशीन आपल्या कितीतरी सासवांच्या रुखवतात होतं.

सुती दोरा लढाईमुळे आला

आता दोरा. युरोपात बारीक शिवणीसाठी रेशमाचा किंवा तागाचा दोरा वापरत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे इंग्लंड-स्कॉटलंडला रेशीम मिळेना. तेव्हा स्कॉटलंडच्या पेझली गावात क्लार्क घराण्याने रेशमासारखा गुळगुळीत सुती दोरा तयार केला. त्याच गावात कोट्स घराणंही उभं राहिलं. पुढे मशीनचा वेग सोसेल असा सहा पदरी सुती दोरा १८६० च्या दशकात निघाला. दक्षिणेत हार्वी बंधूंनी मदुरेत गिरणी काढली होती. १९७४ मध्ये ती कोट्सशी जोडली जाऊन 'मदुरा कोट्स' झाली. आपल्या शिवणाच्या डब्यातली कितीतरी रिळं तिथली आहेत.

म्हणजे रेशमाला पर्याय अहिंसेच्या विचाराने आला नाही, लढाईमुळे आला. पण पर्याय आला, आणि तो चांगला निघाला. जॉन मर्सर यांनी १८४४ च्या सुमारास सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली. पुढे १८९० मध्ये होरेस लो यांनी सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली आणि सुताला रेशमासारखी चकाकी आली. हाच मर्सराइज्ड दोरा. पॉलिएस्टर त्यानंतर बऱ्याच काळाने, १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये शोधलं गेलं. आपल्याकडे टेरिलीन-टेरिकॉटचा जमाना साठ-सत्तरच्या दशकातला.

नंबरांचा घोळ

दुकानात गोंधळ होतो तो इथे. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. पाकिटावर दोन आकडे असतात, जसे ९०/१४. त्यातला ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर जाडी, आणि १४ हा आपला नेहमीचा नंबर. दोऱ्याचं मात्र उलट, नंबर वाढला की दोरा बारीक. कारण सुताचा नंबर ठरला तो एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात यावरून. जास्त लडी म्हणजे बारीक सूत. म्हणून ६० नंबरचा दोरा ४० पेक्षा बारीक.

आता कापडानुसार जोड्या:

मलमल, व्हॉइल, शिफॉन, जॉर्जेट: ९ किंवा ११ नंबरची सुई, बारीक दोरा, टाका लहान.

केंब्रिक, पॉपलिन, टू बाय टू रुबियाचे ब्लाऊज: ११ किंवा १४. मुखवस्त्रिकेला आठ पदर येतात, म्हणून कापड पातळ असलं तरी ११ पेक्षा १४ बरी.

खादी, चादर, उशांचे अभ्रे, पडदे: १४ किंवा १६, दोरा ४० नंबरचा.

जीन्स, कॅनव्हासच्या पिशव्या: १६ किंवा १८, जाड पॉलिएस्टर दोरा. मशीन हळू चालवा.

होजियरी, टी-शर्ट, लेगिंग: बॉल पॉइंट सुई. तिचं टोक गोलसर असतं, ते विणीचे धागे कापत नाही, बाजूला सारून जातं. साध्या सुईने होजियरी शिवली की धुतल्यावर भोकं पडतात, ती याच कारणाने.

चामड्याची सुई वेगळी असते, तिचं टोक पात्यासारखं कापत जातं. आपल्या घरात तिचं कामच नाही.

एक सोपी परीक्षा सांगते. सुई मशीनला लावण्यापूर्वी दोऱ्यात ओवा आणि दोरा तिरका धरा. सुई आपोआप खाली घसरली तर जोडी जमली. अडली तर दोरा जाड आहे.

आणि एक नियम: शिवणीचा दोरा कापडापेक्षा किंचित नाजूक असावा. ताण आला तर शिवण उसवावी, कापड फाटू नये. उसवलेलं पुन्हा शिवता येतं.

मग आईची पैठणी?

आता तो दबका प्रश्न. रेशमाचा किडा कोश विणतो, तो फोडून पतंग बाहेर आला तर धागा तुटतो. म्हणून तो आत असतानाच कोश वाफेत किंवा उकळत्या पाण्यात टाकतात. एका कोशातून कित्येकशे मीटर धागा निघतो, तरी एका साडीला हजारो कोश लागतात. आपल्या अनेक घरांत रेशीम बंद झालं ते हे समजल्यावर.

पण आईने दिलेली, चाळीस वर्षांपूर्वीची साडी? माझं मत स्पष्ट सांगते, पटेल तर घ्या. नवीन रेशीम घेऊ नये, तसाच रेशमाचा दोराही घेऊ नये, कारण मागणी तिथेही तीच. पण घरातली जुनी साडी फेकून कोणताही जीव परत येत नाही. ती जपावी, आठवणीने नेसावी किंवा पेटीत ठेवावी. ज्यांनी रेशमाचे पच्चक्खाण घेतले आहेत त्यांनी ते पाळावेत. ती साडी मग लेकीकडे जावी की नाही, हे त्या घराने मिळून ठरवावं.

फॉल लावायला बारीक मर्सराइज्ड सुती दोरा आणि हाताची बारीक सुई. शिवणीच्या दृष्टीनेही हेच बरोबर आहे. जुनं रेशीम विरलेलं असतं. मजबूत पॉलिएस्टरचा दोरा ताणात ते कापतो, सुती दोरा आधी स्वतः तुटतो. अहिंसेचं उत्तर आणि शिवणकामाचं उत्तर इथे एकच निघतं.

बाजारात 'सिल्क दोरा' म्हणून मिळणारा भरतकामाचा दोरा बहुतेक वेळा रेयॉन किंवा पॉलिएस्टर असतो. खात्री हवी असेल तर दिवसा एका वाटीत छोटासा तुकडा जाळून पाहा. जळक्या केसांसारखा वास आला तर रेशीम. कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टरमध्ये किडा मरत नाही, पण ते मातीत विरतही नाही, म्हणून उरलेले तुकडे उकिरड्यावर न टाकता उशीत भरा. हाताने शिवताना दोऱ्याला मेण लावायची सवय असेल तर मधमाश्यांचं मेण न घेता साधी मेणबत्ती घ्या.

शेवटी यतनेची एक गोष्ट. मोडलेली सुई केरात जाऊ देऊ नका. केर गोळा करणाऱ्या ताईंच्या हाताला ती लागते, उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटात जाते. औषधाच्या रिकाम्या डबीत मोडक्या सुया साठवा, डबी भरली की झाकण चिकटवून भंगारवाल्याला सांगून द्या. मागून आणलेली सुई कशी परत करावी याची काळजी ज्या आगमात आहे, ते वाचणाऱ्या घरातून एकही सुई बेवारस बाहेर पडू नये.

तुमच्या घरच्या जुन्या मशीनवर कितव्या नंबरची सुई चालते आणि रेशमाबद्दल तुमच्या घरी काय ठरलं, ते मला नक्की कळवा.