इतवारीच्या ओळी आणि संकेतस्थळाची मांडणी

व्यापारी संकेतस्थळाच्या मांडणीचा विचार सामान्यतः तंत्रज्ञानाच्या अंगाने होतो. परंतु मालाची वर्गवारी कशी करावी आणि गिऱ्हाइकाला तो कोणत्या लिपीत दाखवावा, हे प्रश्न बाजारपेठांनी फार आधी हाताळले होते. नागपूरची इतवारी ही त्यांपैकीच एक. रविवारच्या बाजारावरून नाव पडलेल्या या पेठेच्या ठोक व्यापाराला १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोहोचल्यावर दूरचे गिऱ्हाईक मिळाले. किराणा ओळ, भांडे ओळ, सराफा अशी तिची रचना असून, एका जातीचा माल विकणारी दुकाने शेजारी शेजारी असल्यामुळे गिऱ्हाईक आधी ओळ गाठते, चार दुकानांत भाव विचारते आणि मगच सौदा करते. १८६१ ते १९५६ या काळात नागपूर हे मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताचे मुख्य ठिकाण होते. या दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच असल्याने तिच्यातील पाटी दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना वाचता येई.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा जगभर संकेतस्थळे शोधण्याचे प्रमुख साधन म्हणजे याहूसारखी, माणसांनी विषयवार लावलेली सूची होते आणि तिचे तत्त्व ओळीचेच होते. १९९८ साली गूगल कंपनी स्थापन झाली आणि पुढे शोधयंत्राचा, म्हणजे शब्द दिल्यावर नेमके पान काढून देणाऱ्या प्रणालीचा, वापर रूढ झाला. वाचक मुखपृष्ठ ओलांडून थेट आतल्या पानावर येऊ लागल्याने दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी प्रत्येक पानावर देणे आवश्यक ठरले.

देवनागरीची अडचण मात्र वेगळी होती. त्या काळातील अनेक मराठी फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असत. त्यामुळे तोच फॉन्ट वाचकाच्या संगणकात नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक सरमिसळ उमटे. यावर उपाय म्हणून मजकुराचे चित्र करून ते पानावर चिकटवले जाई. ते वाचता येई, पण चित्रातील शब्द त्या काळच्या शोधयंत्राला कळत नसल्याने असे पान शोधात सापडत नसे. प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणपद्धतीत देवनागरीचा समावेश १९९१ सालीच झाला होता. परंतु विंडोज २००० सारख्या प्रणालींनी तिला आधार दिल्यानंतरच ती हळूहळू रुळली आणि देवनागरी मजकूर शोधण्याजोगा झाला.

पुढचा बदल पडद्याच्या आकाराने घडवला. ईथन मार्कॉट यांनी २०१० साली मांडलेल्या ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचनेत, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या मांडणीत, शेजारी शेजारी बसवलेले रकाने फोनवर एकाखाली एक येतात. २०१६ साली जिओमुळे डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले आणि २०१८ साली व्हॉट्सअॅप बिझनेस आले. या तिन्हींमुळे मालाचा फोटो, भाव आणि पैसे यांची देवाणघेवाण संकेतस्थळावाचून होऊ लागली. रोज बदलणाऱ्या भावासाठी ही पद्धत सोयीची आहे, पण दुसऱ्याच्या मंचावरील दुकानाचे नियम तो मंचच ठरवतो आणि तेथील संभाषणे शोधयंत्राला दिसत नाहीत. म्हणून कायम पत्त्याचे स्वतःचे पान व्यापाऱ्याला आजही लागते.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, सजावटीच्या लाटा येतात आणि ओसरतात, परंतु स्पष्ट वर्गवारी, गिऱ्हाइकाची लिपी आणि चटकन सापडणारा पत्ता यांची गरज कायम राहते. ज्या संकेतस्थळावर फोनच्या पहिल्या पडद्यात या तीन गोष्टी दिसत नाहीत, ते कितीही देखणे असले तरी इतवारीच्या व्यापाऱ्यासाठी कुचकामाचे आहे.