गिटारीच्या पोटातला कागद

‘चार ओळी लिहून दे बेटा. कागद एवढाच आहे,’ असं म्हणत काकांनी पत्त्याच्या पानाएवढा एक कोरा तुकडा माझ्यासमोर ठेवला.

पॉवर हाऊसच्या बाजारामागे, रेल्वे लाइनीपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर आहे. मागल्या खोलीत लाकडाचा भुसा, सरसाचा वास आणि भिंतीला टांगलेल्या तीन अर्धवट गिटारी. काका तरुणपणी वऱ्हाडातून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले. नोकरी पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने जिथे घडतात तिथे. निवृत्तीनंतर हातांना काम हवं म्हणून त्यांनी एक गिटार केली, मग दुसरी. सात झाल्या तरी एकीवरही नाव नव्हतं. गेल्या वर्षी त्यांतली चौथी दुरुस्तीसाठी परत आली, तेव्हा तिच्या पोटात एक चकचकीत परदेशी नाव चिकटवलेलं होतं. मधल्या कुणा दुकानदाराचं ते काम. काका चिडले नाहीत. ‘जागा रिकामी होती, कोणीतरी भरली,’ एवढंच म्हणाले.

ही रिकामी जागा माझ्या ओळखीची आहे. मी भाषांतरं करते. माझं नाव बहुतेक वेळा आतल्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या शेजारी असतं. एकदा तर तिथेही नव्हतं. त्यामुळे काकांच्या चार ओळींना मी दोन महिने लावले, आणि त्या निमित्ताने वाद्यांवरच्या नावांचा इतिहास वाचत बसले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती साधी आहे. गिटारीला तोंड असतं. वरच्या फळीला गोल भोक असतं आणि त्यातून आतली पाठ दिसते. त्या पाठीवर, भोकाच्या बरोबर खाली कागद चिकटवला की वाजवणाऱ्याला मान जराशी वाकवून नाव वाचता येतं. तंबोऱ्याला ही सोय नाही. भोपळ्यावर तबली बसली की पोट कायमचं बंद. आत काही लिहिलं असेल तर ते वाद्य मोडल्यावरच कळणार. म्हणून आपल्याकडे नाव लागलंच, तर ते बाहेर, दांडीवरच्या एखाद्या पट्टीवर.

पण मिरजेने याहून वेगळा मार्ग काढला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथले फरीदसाहेब तंतुवाद्यांच्या कामाकडे वळले. घराणं मूळचं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी-खंजिरांना धार आणि पाणी देणाऱ्यांचं. शस्त्रांचे दिवस सरत आले होते. पटवर्धनांच्या संस्थानात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ये-जा होती आणि त्यांची वाद्यं दुरुस्त करायला हात हवे होते. दुरुस्ती करता करता नवी वाद्यं आली, पंढरपूरकडचे मोठे भोपळे आले, जवारी लावणारे कान तयार झाले. आणि कधीतरी या लोकांचं आडनावच ‘सतारमेकर’ झालं. मराठी ‘सतार’, इंग्रजी ‘मेकर’. बंद पोटाच्या वाद्यात लेबल लावता येत नव्हतं, ते माणसांनाच लागलं. मिरजेत त्यांची गल्लीही त्याच नावाने ओळखली जाते.

शिकलगारांना नावाची किंमत ठाऊक असणार, आणि नावाची फसवणूकही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इराणशी, शाह अब्बासच्या काळाशी जोडलं गेलेलं असदुल्ला इस्फहानी हे नाव इतक्या तलवारींच्या पात्यांवर कोरलेलं सापडतं, की एका माणसाने एका जन्मात तेवढी पाती घडवणं अशक्य. हिंदुस्थानातल्या पात्यांवरही ते आहे. चांगलं पातं म्हणजे असदुल्लाचं, असा व्यवहार ठरून गेला होता.

व्हायोलिनचं तेच झालं. क्रेमोनाच्या आंतोनिओ स्त्रादिवारीने आपल्या वाद्यांत लॅटिनमध्ये छापलेला कागद लावला. सालाचे शेवटचे आकडे तो हाताने लिहायचा. तो १७३७मध्ये वारला. त्याची सहाशेहून थोडी जास्त वाद्यं आज शिल्लक असल्याचं मानलं जातं. पण एकोणिसाव्या शतकात जर्मनी आणि बोहेमियातल्या कारखान्यांनी तोच कागद छापून हजारो स्वस्त व्हायोलिनांत लावला. जुन्या पेटीत आजोबांचं व्हायोलिन सापडतं, आत ते नाव दिसतं आणि घरात आनंदीआनंद होतो. पुढे अमेरिकेच्या १८९०च्या आयात कायद्याने मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं केलं, आणि त्याच कागदाच्या तळाशी ‘जर्मनी’ हा शब्द आला. खोट्या नावाखाली खरा पत्ता.

उलटही घडलेलं आहे. ख्रिश्चन फ्रीड्रिख मार्टिन १८३३मध्ये सॅक्सनीतून न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावाकडे निघून गेला. पण त्याच्या गिटारींवरच्या शिक्क्यात १८९८पर्यंत ‘न्यूयॉर्क’च होतं, कारण विक्री तिथून व्हायची. खऱ्या नावाखाली जुना पत्ता. लाकूड तासलं गेलं छोट्या गावात, नाव झालं महानगराचं.

हे काकांना सांगितलं तेव्हा ते हसले. ‘म्हणजे आपण खाली मुंबई लिहायचं?’

‘नाही काका, पॉवर हाऊस लिहायचं.’

‘भिलाई बी नाही?’

‘भिलाई खाली. आधी पॉवर हाऊस.’

मग प्रश्न आला क्रियापदाचा. स्त्रादिवारीच्या कागदावर नावानंतर ‘फाचिएबात’ असा शब्द आहे. लॅटिनमध्ये हा अपूर्ण भूतकाळ आहे: ‘केलं’ नव्हे, ‘करीत होता’. ही खूप जुनी चाल. रोमन लेखक प्लिनी सांगतो की मोठे ग्रीक कलावंत आपल्या कामावर मुद्दाम अपूर्ण काळ लिहीत. काम अजून चालूच आहे, चूक दिसली तर दुरुस्त झाली असती, असा त्यात नम्र बचाव होता. मायकेलअँजेलोनेही ‘पिएता’ या शिल्पावर सही करताना हेच रूप वापरलं.

मराठीत हे आणताना मी अडखळले, आणि तिथेच मला काहीतरी सापडलं. ‘काकांनी ही गिटार घडवली’ असं लिहिलं तर ‘घडवली’ हे क्रियापद गिटारीच्या मागे जातं. तंबोरा असता तर ‘घडवला’ झालं असतं. करणारा बाजूला ‘-नी’ लावून उभा; वाक्यावर सत्ता वस्तूची. ‘काका ही गिटार घडवीत होते’ म्हटलं की क्रियापद मागे वळतं आणि माणसाला धरतं. काम संपलं की वाक्य वस्तूचं होतं, चालू असेपर्यंत ते माणसाचं असतं. रोज बोलतो ती भाषा, पण हे मी कधी असं पाहिलं नव्हतं.

तिसरं रूपही आहे, आणि मराठीच्या अभिमानाने आपण ते शाळेपासून पाठ करतो. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडराजाचं नाव आहे आणि त्यापुढे शब्द आहे ‘करवियलें’. करवून घेतलं. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. म्हणजे आपल्या भाषेचा हा एक आद्य शब्द खरं तर एका भल्यामोठ्या वस्तूवरचं लेबल आहे, आणि त्यात ज्याने छिन्नी धरली त्याला जागा नाही. जागा आहे ज्याने सांगितलं त्याला.

पॉवर हाऊसमध्ये राहून हे न कळण्यासारखं नाही. हावडा-मुंबई मार्गावरचं हे स्टेशन. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ला सुरू झाली आणि १९६०पासून इथे रूळ तयार होऊ लागले. रुळाच्या उभ्या बाजूकडे नीट पाहिलं तर त्यावर उठावाची अक्षरं दिसतात: वजनाचा प्रकार, पोलादाची प्रत, कारखान्याचं नाव, रोमन आकड्यांत महिना, पुढे साल. लाटतानाच लोखंडात उमटलेलं लेबल. त्याच्यावर कुठल्या पाळीचा, कुणाचा हात होता हे नसतं. १ जुलै १९९२ला आसपासच्या खासगी कारखान्यांतले कामगार, नोकरीची हमी आणि पुरेशी मजुरी मागत, याच स्टेशनात रुळांवर बसले होते. पोलिसांनी गोळीबार केला, डझनाहून जास्त माणसं मेली. मी तेव्हा शाळेत होते. आवाज घरात ऐकू आला होता. दरवर्षी त्या तारखेला लोक इथे जमतात. रुळावर कारखान्याचं नाव, महिना आणि साल वाचता येतं. बाकीची नावं अशी माणसांनी जमून लक्षात ठेवावी लागतात.

काकांच्या खोलीत मी एकटीच जात नव्हते. पॉलिशचं काम शेजारच्या एक बाई करतात. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने, हात न थांबवता, दिवसचे दिवस. छत्तीसगडच्या जंगलातली लाख, त्यांच्या हातून गिटारीवर. आमची चर्चा त्या ऐकत असायच्या. एकदा बोळा खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, ‘मोरो नाव लिखाही का?’ माझंही नाव लिहिलं जाईल का?

काका गप्प झाले. मीही. दोन महिने मी नाव न लागलेल्यांचा इतिहास वाचत होते आणि समोर बसलेल्या बाईंकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

२०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. १९९९च्या कायद्याने दिलेली ही नोंद गावाच्या नावाचं रक्षण करते. दुसरीकडे बनलेल्या वाद्याला ‘मिरज’ म्हणता येत नाही. बाजारातल्या नकलांपुढे ती ढाल हवीच. पण तीही गावाचं नाव सांगते. भोपळा पिकवणारा, कोरीवकाम करणारा, जवारी लावणारा हे त्या नावाच्या आत, तंबोऱ्याच्या पोटासारखे बंद. एका वाद्याला किती हात लागतात ते कुठल्याच कागदावर मावत नाही. म्हणून काही मावतच नाही असं नाही.

शेवटी कागद तयार झाला. पिवळा न पडणारा, आम्लविरहित. शाई न फिटणारी. चिकटवायला गव्हाची खळ, म्हणजे पुढे कुणाला काढायचा झालाच तर लाकडाला इजा न होता निघेल. लाकडाचं नाव लिहिलं: पाठ शिसवी. हे हौसेपुरतं नाही. २०१७पासून शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला. २०१९मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण लाकूड कोणतं हे सांगता आलेलं बरं. तेच सगळं वरच्या फळीच्या आतल्या अंगाला काकांनी पेन्सिलीनेही लिहिलं. तिथवर कुणा दुकानदाराचा हात जाणार नाही. एखाद्या दिवशी कुणी फळी उघडलीच तर त्याला खरं कळेल.

मला आणखी एक गोष्ट हवी होती. आधुनिक गिटारीचा आकार ज्याने पक्का केला त्या आंतोनिओ दे तोरेसने मध्येच हे काम सोडून अल्मेरियात चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान काढलं होतं. काही वर्षांनी तो परत गिटारींकडे वळला आणि तेव्हापासूनच्या लेबलांवर त्याने क्रमांक घातले, सोबत लिहिलं: दुसरा कालखंड. मी काकांना विचारलं, तुमच्यासाठी हे मराठीत कसं म्हणायचं? त्यांनी विचारही केला नाही. ‘दुसरी पाळी.’

तर आठव्या गिटारीच्या पोटात आता असं आहे: क्रमांक, साल, ‘दुसरी पाळी’, पॉवर हाऊस, भिलाई. वर दोन नावं, एक काकांचं, एक बाईंचं. नावांनंतर ‘घडवीत होते’. मराठीत हे रूप आदराचंही आहे आणि दोघांचंही.

बाईंनी भोकातून वाकून पाहिलं, स्वतःच्या नावावर बोट फिरवायला हात आत घातला, आणि पॉलिशला डाग लागेल म्हणून लगेच बाहेर काढला.