दुभत्या गाईची प्रजननक्षमता : रक्तघटक व संप्रेरक आलेखांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

गाय वेळेवर गाभण राहण्यावर पुढील वेताचे दूध अवलंबून असते. वारंवार भरवूनही उलटणारी किंवा माजावर न दिसणारी गाय पूर्वी वांझ ठरवून कळपातून काढली जात असे. दोष गाईच्या शरीराचा, आहाराचा की माज ओळखणाऱ्याच्या नजरेचा, हे ठरविण्याचे विश्वसनीय साधन नव्हते. विसाव्या शतकात असे साधन कसे घडत गेले, याचा प्रस्तुत लेखात मुख्यतः ब्रिटनमधील संशोधनाच्या आधारे आढावा घेतला आहे.

संप्रेरकाचा शोध व मापन

१९२९ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे जॉर्ज कॉर्नर व विलार्ड ॲलन यांनी सशाच्या माद्यांवर प्रयोग केले. बीजांडकोशातील पीतपिंडाच्या अर्कामुळे गर्भ टिकून राहतो, असे त्यांनी सिद्ध केले. या अर्कातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक १९३४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. तथापि रक्तातील त्याचे प्रमाण नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशात असल्याने नियमित मापन अशक्यप्राय होते. न्यूयॉर्क येथे रोझालिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास इन्शुलिनसाठी विकसित केलेल्या रेडिओइम्युनोअसे पद्धतीने ही अडचण दूर झाली.

कॉम्प्टनची रक्तचाचणी

१९७० मध्ये इंग्लंडमधील कॉम्प्टन येथील पशुरोग संशोधन संस्थेतील जे. एम. पेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चयापचय आलेख चाचणी मांडली. जास्त दूध देणाऱ्या, मध्यम दूध देणाऱ्या व भाकड अशा तीन गटांतून प्रत्येकी सात गाईंचे रक्त घेऊन ग्लुकोज, युरिया, कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन इत्यादी घटक तपासले जात. येथे एकट्या गाईऐवजी संपूर्ण कळपाच्या आहाराचे निदान अभिप्रेत होते. मात्र शरीर कॅल्शियम व ग्लुकोज यांची पातळी स्थिर राखत असल्याने सौम्य कमतरता रक्तात उमटत नसे. हीच या चाचणीची मर्यादा ठरली.

दुधातील साक्ष

१९७१ मध्ये लेंग व हीप यांनी गाईच्या ऋतुचक्रातील दुधातल्या प्रोजेस्टेरॉनचे मापन प्रसिद्ध केले. सुई न टोचता, रोजच्या धारेतूनच नमुना मिळू लागला. भरविल्यानंतर एकविसाव्या ते चोविसाव्या दिवशी पातळी कमी आढळल्यास गाय गाभण नाही, हे जवळजवळ निश्चित सांगता येते. जास्त पातळी मात्र गर्भधारणेची खात्री देत नाही. आठवड्यातून अनेकदा घेतलेल्या नमुन्यांच्या आलेखांवरून, माजावर येत नाही म्हणून दोषी ठरलेल्या कित्येक गाईंचे ऋतुचक्र प्रत्यक्षात सुरळीत असल्याचे दिसले. त्यांचा माज मुका होता किंवा पाहणाऱ्याच्या लक्षात आला नव्हता.

दोन आलेखांची सांगड

व्यायल्यानंतर दुधावाटे खर्च होणारी ऊर्जा आहारातून भरून निघत नाही, तेव्हा पहिले अंडमोचन लांबते. ऊर्जेची ही तूट पुढील काळात रक्तातील मुक्त मेदाम्ले व कीटोन घटक यांवरून मोजली जाऊ लागली. नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी २००० मध्ये ब्रिटिश गाईंच्या दोन कालखंडांची तुलना प्रसिद्ध केली. १९७५-८२ मध्ये पहिल्या रेतनातून गाभण राहण्याचे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते. १९९५-९८ मध्ये ते सुमारे ४० टक्के झाले. असामान्य संप्रेरक आलेख असलेल्या गाईंचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात होल्स्टीन वंशाचा अंश आणि दूध उत्पादन दोन्ही वाढले होते.

निष्कर्ष

रक्तघटकांच्या आलेखाने गव्हाणीतील उणीव दाखविली, तर संप्रेरक आलेखाने बीजांडकोशाची स्थिती उघड केली. वांझपणाचा शिक्का बसलेल्या अनेक गाईंची त्यामुळे निर्दोष सुटका झाली. त्याचबरोबर, केवळ दुधासाठी केलेल्या निवडीची किंमत प्रजननक्षमतेने मोजावी लागते, ही जाणीवही याच आलेखांनी दृढ केली.