घोस्टचे वारस

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये 'घोस्ट मारणे' हा रोजचा शब्द होता. सबमिशनच्या तोंडावर मशीन बसलं, पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला, कुणा उत्साही पोराने सी ड्राइव्हमध्ये हात घातला, की लॅब असिस्टंट सीडी घेऊन यायचा आणि थोड्या वेळात मशीन सत्राच्या पहिल्या दिवसासारखं करून जायचा. नॉर्टन घोस्ट म्हणजे अख्ख्या डिस्कचा एका फाइलीत घेतलेला ठसा. मूळ न्यूझीलंडचा हा प्रोग्राम १९९८ साली सिमँटेकने विकत घेतला. सायबर कॅफेवाले आणखी पुढे गेले होते. त्यांच्याकडे डीप फ्रीझ असायचं. मशीन रीस्टार्ट केलं की गिऱ्हाइकाने दिवसभरात केलेला सगळा पसारा नाहीसा.

आज 'इम्युटेबल' किंवा 'अ‍ॅटॉमिक' डेस्कटॉप म्हणून जे लिनक्स मिरवतं, त्याचं एक घराणं मला या लॅबमध्ये दिसतं. लिनक्सचे जाणकार हे नातं सांगायला कुरकुरतात, कारण घोस्ट पडला विंडोजवाल्यांचा. पण कल्पना तीच आहे. प्रणाली ही एक अखंड वस्तू मानायची, तिच्यात ठिगळं लावायची नाहीत, बिघडली तर दुरुस्त न करता पूर्ण बदलायची. फक्त त्या काळी प्रणालीच्या कुलपाची किल्ली असिस्टंटच्या खिशात असे, आणि घोस्ट मारला की विद्यार्थ्याने लॅबमधल्या मशीनवर ठेवलेलं जर्नलही जाई.

दुसरं घराणं सीडीचं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यात लिनक्स आलं ते बऱ्याच अंशी 'पीसीक्वेस्ट'सारख्या मासिकांसोबतच्या सीडीवर. डायल-अपवर शेकडो एमबी उतरवण्याचा विचारसुद्धा कुणी करत नसे. मग २००० साली जर्मनीच्या क्लाउस नॉपरने नॉपिक्स काढलं. सीडी घाला, मशीन चालू करा, हार्ड डिस्कला धक्का न लावता लिनक्स हजर. ७०० एमबीच्या सीडीत दोन जीबीच्या आसपास सॉफ्टवेअर दाबून भरलेलं. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपच्या बैठकांत किंवा मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरणाऱ्या 'ग्नुनिफाय' संमेलनात नवख्याला लिनक्स दाखवायचं तर अशी सीडी हाताशी असलेली बरी. ती बिघडत नसे, कारण तिच्यावर लिहिताच येत नसे. हा गुण आहे असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. सगळे त्याला मर्यादाच समजत, आणि सीडी आवडली की हार्ड डिस्कवर रीतसर लिनक्स टाकून घेत.

तिथून खरा त्रास सुरू होई. पॅकेज मॅनेजर चालू प्रणालीतल्या फाइली एकेक करून बदलत जातो. शंभर पॅकेजांपैकी साठ बदलून झाली आणि वीज गेली, तर उरतं ते ना जुनं ना नवं. २००६ साली उद्योगांच्या जनित्रांच्या आधाराने 'पुणे मॉडेल' आलं आणि शहराला भारनियमनातून सुटका मिळाली खरी, पण त्याआधीची वर्षं ज्यांनी यूपीएसच्या पिरपिरीवर काढली, त्यांना अपडेट चालू असताना दिवे गेल्यावर पोटात पडणारा गोळा आठवत असेल. गुरुवारचा देखभालीचा बंद तर नंतरही राहिलाच. ही भीती मनाचे खेळ नव्हती. फेडोरा या लिनक्समध्ये 'यम-कम्प्लीट-ट्रान्झॅक्शन' नावाची स्वतंत्र आज्ञाच होती, अर्धवट राहिलेलं अपडेट निस्तरण्यासाठी.

वंशावळीतला मला सर्वांत आवडणारा पूर्वज मात्र पुण्यात नाही, घाटाखाली आहे. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. भारतातला हा त्यांचा पहिला प्रयोग. त्या प्रकल्पाच्या शैक्षणिक यशापयशावर भरपूर वाद झाले आहेत, आणि टीकाकारांच्या पुष्कळ मुद्द्यांत तथ्य आहे. पण त्या यंत्राच्या पोटातली एक करामत त्या वादात हरवली. एक्सओमध्ये फेडोरावर बेतलेलं लिनक्स होतं, २५६ एमबी मेमरी आणि साठवायला जेमतेम एक जीबी. दुर्गम वस्तीत प्रणाली बिघडली तर दुरुस्त करायला येणार कोण? म्हणून अपडेट जुन्या प्रणालीवर लिहिलंच जात नसे. नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी उभी केली जाई, न बदललेल्या फाइली दोघी वाटून घेत, म्हणून इवल्याशा जागेत दोन्ही मावत. नवी चालेना, तर पडद्याशेजारचं गोल खुणेचं बटण दाबून धरत लॅपटॉप सुरू करायचा, की जुनी प्रणाली समोर. पुढे अभियंत्यांनी ज्याला 'रोलबॅक' म्हणून व्यासपीठांवरून वाखाणलं, ते इथे पहिलीतल्या मुलाच्या बोटाला झेपेल असं करून ठेवलं होतं. आणि किल्ली यंत्र वापरणाऱ्याकडे आली होती, हे विशेष.

२०११ च्या क्रोमबुकने ती किल्ली पुन्हा काढून घेतली. तिथेही प्रणालीच्या दोन प्रती, एक चालू आणि एक अपडेटसाठी, पण काय बदलायचं ते गूगल ठरवणार. या रचनेवरून २०१३ साली सर्व्हरसाठी कोरओएस निघालं. ते रेड हॅट या लिनक्स कंपनीने २०१८ साली २५ कोटी डॉलरला घेतलं.

त्याच २०११ साली रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या कॉलिन वॉल्टर्सने ओएसट्री लिहायला घेतलं. त्याची अडचण साधी होती. ग्नोम डेस्कटॉपची रोज नवी बांधणी होते, आज काही मोडलं तर कालच्या बांधणीत ते चालत होतं का हे बघायला चटकन मागे जाता यायला हवं. ओएसट्री प्रत्येक फाइल तिच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेने साठवतं. दोन आवृत्त्यांत सारखी असलेली फाइल डिस्कवर एकदाच राहते. गिट वापरणाऱ्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. फरक असा की इथे कोडच्या जागी अख्खी प्रणाली आहे आणि ती बूट होते.

पुण्याचा धागा इथे पुन्हा येतो. नोव्हेंबर २०११ मध्ये फेडोराच्या विकसक-वापरकर्त्यांचं संमेलन, फुडकॉन, सीओईपीत भरलं. २०१५ च्या जूनमध्ये ते कोथरूडच्या एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात पुन्हा भरलं. दरम्यान, २०१४ च्या अखेरीस, ओएसट्रीवर उभं असलेलं फेडोरा अ‍ॅटॉमिक होस्ट आलं होतं. त्याची नवी प्रत दर दोन आठवड्यांनी द्यायची असं ठरलं, तेव्हा प्रश्न आला तपासणीचा. प्रणाली अखंड प्रतिमेच्या रूपात द्यायची तर ती प्रतिमा बूट होते, अपडेट होते, मागे जाते हे देण्याआधीच कळायला हवं. हे काम यंत्राकडून करून घेणारं 'ऑटोक्लाउड' तेव्हा पुण्यात राहणाऱ्या कुशल दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलं. प्रत्येक नवी बांधणी आपोआप चालवून बघायची, पास झाली तरच पुढे. इम्युटेबल लिनक्सच्या कथेत ओएसट्रीचं नाव सगळे घेतात, या तपासणीचं क्वचित. माझ्या मते ती नसती तर 'बिघडणार नाही' हे आश्वासन पोकळ राहिलं असतं. न बदलणारी पण मुळातच फुटकी प्रणाली घेऊन कुणी काय करावं?

हे सगळं डेस्कटॉपवर यायला २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. फेडोरा २९ सोबत सिल्व्हरब्लू आलं, तीन वर्षांनी त्याचं केडीई भावंड किनोइट. वापरायला कसं? मूळ प्रणाली असलेलं '/यूएसआर' कुलूपबंद. आपल्या फाइली आणि सेटिंग्ज मोकळी. अ‍ॅप्स फ्लॅटपॅकमधून, विकासाचं काम 'टूलबॉक्स'च्या कंटेनरमध्ये, जिथे नेहमीचं डीएनएफ हवं तसं चालवा. अपडेट मागच्या मागे तयार होतं आणि रीस्टार्टनंतरच लागू होतं. मध्ये वीज गेली तर जुनी प्रणाली जिथल्या तिथे.

तक्रारींना जागा आहे. फ्लॅटपॅकमधल्या एडिटरला प्रणालीवरचा कंपायलर दिसत नाही, म्हणून नवशिका विद्यार्थी पहिल्याच दिवशी वैतागतो. ग्राफिक्स कार्डाचा किंवा प्रिंटरचा हट्टी ड्रायव्हर मूळ प्रणालीवर थर म्हणून चढवावा लागतो, आणि असे चार-पाच थर झाले की प्रत्येक अपडेट रेंगाळतं. शुद्धतावादी म्हणतात थर लावूच नका. त्यांच्याकडे बहुधा असला प्रिंटर नसावा.

अलीकडचं वळण मला पुन्हा कॉलेजच्या लॅबकडे नेतं. 'बूटसी' हे साधन आल्यापासून अख्खी प्रणाली कंटेनरच्या प्रतिमेसारखी बांधता येते. रेड हॅटच्या लिनक्सच्या मे २०२५ मधल्या दहाव्या आवृत्तीत हा अधिकृत मार्ग झाला. कोणता कंपायलर, कोणता डेटाबेस, कोणतं मराठी कीबोर्ड मांडणीचं साधन हे एका छोट्या मजकुरी फाइलीत लिहायचं. त्यातून प्रतिमा बनते, साठ मशीनं ती उचलतात. घोस्टची फाइल कशी बनवली ते ती बघून कुणाला कळत नसे. ही कृती विद्यार्थीही वाचू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो, घरी जाऊन स्वतःची बनवू शकतो.

नारायण-सदाशिव पेठेतल्या डीटीपीच्या दुकानांपर्यंत मात्र यातलं काही पोहोचलेलं नाही, आणि लवकर पोहोचेल असंही वाटत नाही. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, जुनं पेजमेकर, युनिकोडपूर्व फॉण्टांत टाइप केलेल्या वर्षानुवर्षांच्या पत्रिका आणि दिवाळी अंक हे सगळं विंडोजच्या एखाद्या जुन्या आवृत्तीला बांधलेलं आहे. अशा मशीनची नेटची वायर काढलेली असते आणि अपडेटचं नाव काढलं तरी मालक अंगावर येतो. त्याला बदलाचं वावडं आहे असं नाही. काही बिघडलं तर कालच्या जागी परत जायला त्याच्याकडे वाट नाही, एवढंच.