न वापरलेला सुरा

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे आमच्याकडे आले होते, तेव्हाची गोष्ट. लिहीन लिहीन म्हणता राहूनच गेली होती.

आमच्या शेजारी एक अमेरिकन आजोबा राहतात. वय ऐंशीच्या पुढे, आणि छंद काय तर जुने लष्करी सुरे जमवणं! एका रविवारी त्यांनी बाबांना मुद्दाम बोलावलं. आधी आम्हाला सुती हातमोजे घालायला लावले (सोवळं नेसल्यासारखंच वाटलं) आणि मग कपाटातून फडक्यात गुंडाळलेला एक सुरा काढला. पहिल्या महायुद्धाच्या वेळचा, अमेरिकन सैन्याचा 'मार्क वन' ट्रेंच नाइफ, म्हणजे खंदकातल्या लढाईचा सुरा. पावणेसात इंचांचं दुधारी पातं. ब्राँझची ओतीव मूठ, आणि तिलाच चार बोटं अडकवायची कडी. आपल्याकडे बातम्यांत 'फायटर' म्हणतात ना, तशी. मुठीच्या टोकाला शत्रूच्या डोक्यात हाणायला एक टोकदार बोंड. आणि मुठीवर अक्षरं : 'यू. एस. १९१८'.

"हा कुठल्याच सैनिकाला दिला गेला नाही. कोठारातून निघाला तसाच आहे," आजोबा अभिमानाने म्हणाले.

मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबा पटकन म्हणाले, "वापरलाच नाही? मग त्याची किंमत कसली?"

बाबांचंही बरोबर आहे. आमच्या आजीची विळी धार लावून लावून निम्मी झाली होती, तरी खंडेनवमीला हळदकुंकू तिलाच. या संग्राहकांचं सगळं उलटं. पात्याला एकदा जरी धार लावली, किंवा मुठीवरचा मूळचा काळा थर ब्रासोने घासून चकचकीत केला, की सुऱ्याची किंमत पडलीच म्हणून समजा.

घरी आल्यावर मी वाचत बसलो. संगीन लावलेली फ्रेंच लेबेल रायफल जवळजवळ सहा फूट लांब व्हायची. अरुंद खंदकात ती फिरवणार कशी? रात्री शत्रूच्या खंदकात शिरायचं तर आखूड हत्यार हवं. सुरुवातीला काटेरी तारांच्या कुंपणाचे गज वाकवूनसुद्धा खंजीर केले गेले. अमेरिका युद्धात उतरली १९१७ साली. तिचा पहिला सुरा तिधारी पात्याचा होता, नुसता भोसकायचा, कापायला धारच नाही. तो पसंत पडला नाही, म्हणून १९१८ मध्ये हा मार्क वन.

आणि तो बनवायला दिला कुणाला? डिस्टन कंपनीला, जी करवती करायची. वनायडाला, जी काटे-चमचे करायची. लँडर्स, फ्रेरी अँड क्लार्कला, जी कॉफीची भांडी आणि जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्या करायची. आजोबांचा सुरा याच शेवटच्या कंपनीचा. एकूण मागणी होती १२,३२,७८० सुऱ्यांची, आणि पुरवठा सुरू होणार होता डिसेंबर १९१८ मध्ये.

११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं.

मागणी १,१९,४२४ वर आली आणि ते काम एकट्या लँडर्सकडे राहिलं. म्हणजे मुठीवर १९१८ असलं, तरी ज्या खंदकांसाठी ते केले, तिथे जायची वेळच आली नाही. उरलेले अकरा लाखांहून जास्त सुरे तर जन्मालाच आले नाहीत!

अर्थात गोष्ट इतकी गोडही नाही. कोठारात पडलेले हे सुरे दुसऱ्या महायुद्धात बाहेर निघाले, रेंजर्सना आणि छत्रीधारी सैनिकांना दिले गेले. पुढे १९४३ मध्ये ब्राँझ वाचवणारा, चामड्याच्या मुठीचा 'एम थ्री' आला. म्हणजे आजोबांच्या कपाटातला सुरा एकदा नाही, दोनदा वाचला.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या साताऱ्याजवळचं आपशिंगे माहीत आहे ना तुला? मिलिटरी आपशिंगे. त्याच युद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली. त्यांची हत्यारंही अशीच कोठारात राहिली असती तर..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं आणि चहा प्यायले.

परत जायच्या आदल्या दिवशी ते स्वतःहून शेजारी गेले आणि सुरा पुन्हा बघायला मागितला. हातमोजे न सांगता घातले. या वेळी बराच वेळ हातात धरून बसले होते. मग तो फडक्यात गुंडाळून आजोबांना परत दिला आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, असाच राहू दे म्हणावं."

मी सांगितलं. आजोबांना ते सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी बाबांचा हात बराच वेळ सोडला नाही.