उलटी बसवलेली नीला

हात खाली सोडून मूठ घट्ट आवळली, की कोपराखाली निळसर रेषा फुगून दिसतात. या नीला. अशा एका नीलेवर एक बोट दाबून धरायचे आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त सारायचे. दुसरे बोट उचलले तरी मधला भाग रिकामाच राहतो. पहिले बोट उचलले, की तो खालून भरतो. नीलेतल्या झडपा रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये अशा प्रयोगाची चित्रे छापली. आपण तो वर्गात दाखवतो, पण याच झडपांशी पाय वाचवणारी एक शस्त्रक्रिया जोडलेली आहे, हे सहसा सांगत नाही.

तंबाखू, मधुमेह, वाढते वय यांमुळे मांडीतल्या रोहिणीत मेदाचे थर साचतात. सुरुवातीला चालताना पोटरी दुखते आणि थांबल्यावर राहते. पुढे बसल्या जागीही दुखते, बोटे काळी पडतात आणि पाय कापण्याची वेळ येते.

रक्तवाहिन्या शिवता येत नाहीत, अशीच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी समजूत होती. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्यावर लियाँमध्ये सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी नीला फाटली होती. ती कोणालाच सांधता आली नाही. त्याच शहरात शिकणाऱ्या अलेक्सिस कारेल यांना हे पटले नाही. त्यांनी चक्क भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक टाके शिकून घेतले. नळीच्या तोंडाला तीन जागी टाके घालून ते ताणले, की गोल तोंड त्रिकोणी होते आणि सरळ कडा शिवणे सोपे जाते. ही युक्ती त्यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९०६ मध्ये माद्रिदच्या होसे गोयानेस यांनी गुडघ्यामागच्या रोहिणीचे काम शेजारच्या नीलेवर सोपवले. तरीही ही वाट रुळायला चार दशके गेली. शिवलेल्या जागी रक्त गोठे. ते रोखणारे हेपॅरिन १९१६ मध्ये सापडले, पण रुग्णांसाठी १९३० च्या दशकात वापरात आले. अडथळा नेमका कुठे, हे दाखवणारे पोटातल्या महारोहिणीचे क्ष-किरण चित्र लिस्बनच्या रेनाल्दो दुश सांतुश यांनी १९२९ मध्ये घेतले.

३ जून १९४८ रोजी पॅरिसमध्ये जाँ कुनलँ यांच्यापुढे एक रुग्ण होता. आधीच्या शस्त्रक्रियांनी त्याच्या पायाला गुण आला नव्हता. तोवरची रीत म्हणजे तुंबलेला तुकडा कापून तिथे नवी नळी टोकाला टोक जोडून बसवणे. कुनलँ यांनी जुनी रोहिणी जागेवरच ठेवली. घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी कातडीखालची लांब नीला काढली आणि तिची टोके अडथळ्याच्या वर व खाली, रोहिणीच्या कुशीत शिवली. गावाबाहेरून काढलेल्या रस्त्यासारखा हा वळसा होता. रोहिणीला फुटणारे, पाय जगवणारे छोटे फाटे त्यामुळे शाबूत राहिले. नीला काढूनही चालते, कारण पायातले बहुतेक रक्त खोलवरच्या नीला वर नेतात.

मात्र ही नीला उलटी करावी लागते. सरळ बसवली, तर वरून येणारे रक्त झडपा अडवतील! १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी हीच नीला हृदयाच्या रोहिण्यांसाठी वापरली.

आता रोहिणीत फुगा घालून ती रुंद करता येते. मग वळसा कशाला? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नीला चांगली असलेले १४३४ रुग्ण होते. आधी वळसा घातलेल्या गटात पायावरचे मोठे संकट किंवा मृत्यू ४२.६ टक्क्यांना आला, तर आधी फुगा किंवा तत्सम उपाय केलेल्या गटात ५७.४ टक्क्यांना. याउलट २०२३ मधल्या चाचणीत, गुडघ्याखालच्या रोहिण्या तुंबलेल्या ३४५ रुग्णांत, फुग्याचा गट सरस ठरला. म्हणजे एकच उत्तर सर्वांना लागू नाही.

वर्गासाठी एक प्रश्न. नीला जांघेत जाड आणि घोट्याशी बारीक असते. ती उलटी केल्यावर कोणते टोक कोणत्या रोहिणीला जोडावे लागते? नीला सरळच ठेवून झडपा आतून कापण्याची पद्धत काही शल्यवैद्यांनी का स्वीकारली असेल, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.